टँपा बे परिसरात काँडो घ्यावा की घर? हरिकेनचा विचार करून सल्ला हवा

केळफूल

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी बदलल्यामुळे आम्ही न्यू जर्सीहून फ्लोरिडातल्या टँपाला आलो आहोत. त्याचं ऑफिस वेस्टशोअरला, माझं काम घरून. मुलगी सहावीत आहे. सासूबाई कायम आमच्यासोबत असतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिने जमत नाहीत. सध्या ब्रँडनला भाड्याने राहतो, लीज वसंतात संपेल. तोवर स्वतःचं काहीतरी घ्यायचं ठरवलंय.

दोन जागा मनात भरल्या आहेत आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे.

पहिली म्हणजे टँपाशेजारच्या सेंट पीटर्सबर्गच्या डाउनटाउनमधला काँडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट. इमारत १९८४ची, आठवा मजला, दोन बेडरूम, बाल्कनीतून बे (खाडी) दिसतो. फ्लॅटमालकांच्या असोसिएशनची फी महिना हजार डॉलरच्या वर आहे. एजंट म्हणते, "आठव्या मजल्यावर पाणी येणार नाही, बाकी सगळं असोसिएशन बघते."

दुसरी जागा सेंट पीटर्सबर्गच्याच शोअर एकर्स भागात. १९७२चं एकमजली काँक्रीट ब्लॉकचं घर, तीन बेडरूम, मागे आंब्याचं झाड. आतून सगळं नवंकोरं: फरशी, किचन, भिंती. हेलीन वादळात पाणी आलं होतं हे विक्रेत्याने लपवलेलं नाही. "आता सगळं नवीन केलंय" असं तो म्हणतो.

सासूबाईंना घर आवडलंय, नवऱ्याला काँडो. मला रात्री झोप लागत नाही. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनी कृपया मनापासून सांगा.

टँपाकर

केळफूल, स्वागत. थोडं लांबेल, पण वाचा.

इथे जागा बघताना पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा वाऱ्याचा. काँडो की घर हा तिसरा. बरेच लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण एजंट तोच विचारते.

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ला पेरीजवळ किनाऱ्याला लागलं. ते गाव इथून खूप उत्तरेला. आपल्यापासून शंभराहून जास्त मैल दूर, समुद्रातून ते वर गेलं. आमच्याकडे वारा होता, पण झाडं पडावीत असा नव्हता. तरीही बेमध्ये पाणी नेहमीच्या भरतीच्या वर सुमारे सहा फूट चढलं आणि शोअर एकर्समधल्या हजारो घरांत शिरलं. बातम्यांमध्ये कॅटेगरी सांगतात ती वाऱ्याची. पाणी किती चढेल ते त्यावरून कळत नाही. ते ठरतं वादळाच्या आकारावर, वाटेवर आणि किनाऱ्याच्या उतारावर. आपल्याकडे गल्फचा तळ लांबपर्यंत उथळ आहे, म्हणून ढकललेलं पाणी वर चढतं.

पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबरला मिल्टन आलं. अंदाज थेट टँपाचा होता. शेवटी ते दक्षिणेला सिएस्टा कीजवळ लागलं आणि वारा उलट दिशेने फिरल्यामुळे बेमधलं पाणी बाहेर ओढलं गेलं. २०२२च्या इयन वादळाच्या वेळीही तसंच झालं होतं. मिल्टनच्या वेळी चाळीस-पन्नास मैलांच्या फरकाने आपण वाचलो. टँपा बेला मोठं वादळ थेट लागलं ते १९२१ साली, टार्पन स्प्रिंग्जला. तेव्हा इथे वस्ती किती होती आणि आज किती आहे याचा विचार करा.

आता शोअर एकर्स. त्या भागात वादळाशिवायही, मोठ्या भरतीला रस्त्यावर पाणी येतं. खारं पाणी पावसाच्या गटारांतून उलटं वर येतं. एखाद्या पौर्णिमेच्या भरतीला स्वतः जाऊन उभ्या राहा, मग ठरवा.

"सगळं नवीन केलंय" याचे परमिट मागा. सिटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की परमिटचा इतिहास दिसतो. परमिट न काढता केलेलं काम पुढे तुमच्याच गळ्यात पडतं. आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे पन्नास टक्क्यांचा नियम. पुराच्या झोनमधल्या घराची दुरुस्ती घराच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त होणार असेल, तर घर आजच्या नियमात बसवावं लागतं. म्हणजे बहुतेक वेळा उचलून उंच करायचं नाहीतर पाडायचं. आणि हा बाजारभाव फक्त बांधकामाचा, जमिनीचा नाही. समजा घर ५ लाखांचं आणि त्यात जमीनच ३ लाख २० हजारांची. उरले १ लाख ८० हजार, त्याचे निम्मे ९० हजार. पुढच्या वेळी तीन फूट पाणी आलं की ९० हजारांचा खर्च सहज होतो.

माझं मत स्पष्ट आहे. ते घर घेऊ नका.

सागरगोटा

टँपाकर यांच्याशी सहमत. मी काँडोबद्दल लिहिते, कारण मी पिनेलस बाजूला बेजवळच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते.

आठव्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं. पण इमारतीचे प्राण खालीच असतात. विजेचे पॅनेल, पाणी वर चढवणारे पंप, लिफ्टची यंत्रणा, पार्किंग. जुन्या इमारतींमध्ये हे सगळं तळमजल्यावर. आमच्याकडे हेलीनमध्ये पार्किंगमध्ये खारं पाणी भरलं आणि विजेचं मुख्य पॅनेल बदलावं लागलं. तोपर्यंत लिफ्ट नाही, एसी नाही. पंप बंद म्हणून नळालाही पाणी नाही. फ्लॅटच्या आत मात्र कपभर पाणीही आलं नव्हतं! माझ्या मजल्यावरच्या एक आजी वॉकर घेऊन चालतात. त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं, चार जणांनी, प्रत्येक वळणावर थांबत. जिन्यात पूर्ण अंधार, रेलिंगला हात लावला तर घामाने ओलं.

केळफूल, तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा उल्लेख वाचला आणि हेच आधी आठवलं.

आणखी एक. इव्हॅक्युएशन झोन तुमच्या मजल्यावर ठरत नाही, पत्त्यावर ठरतो. झोन ए रिकामा करायचा आदेश निघाला की आठव्या मजल्यानेही निघायचं. इव्हॅक्युएशन झोन आणि फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. पहिला ए ते ई, जीव वाचवायला कधी निघायचं ते सांगतो. दुसरा एक्स, एई, व्हीई असा, विमा आणि बांधकामासाठी. माणसं दोन्हींची गल्लत करतात आणि "आम्ही झोन एक्समध्ये, आम्हाला निघायची गरज नाही" असं म्हणत बसतात.

जागा विचारताना इमारतीला जनरेटर आहे का, आणि असेल तर तो लिफ्ट आणि पंप चालवतो की फक्त जिन्यातले दिवे, एवढं जरूर विचारा.

घडीव_दगड

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, काम फ्लोरिडातच. वाऱ्याबद्दल लिहितो.

ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातल्या होमस्टेडचा भाग उद्ध्वस्त केला. तपासात दिसलं की असंख्य छपरं नीट ठोकलेलीच नव्हती. त्यातून पुढे राज्यभर एकच बिल्डिंग कोड आला, मार्च २००२पासून लागू. म्हणून इथे घराचं वय विचारताना २००२ ही रेघ महत्त्वाची. त्याआधीचं घर वाईटच असं नाही, पण त्याने स्वतःला सिद्ध करायला हवं.

घर कसं मोडतं ते समजून घ्या. बहुतेक वेळा वारा भिंत पाडत नाही. खिडकी फुटते किंवा गॅरेजचं दार आत दबतं, वारा आत शिरतो आणि छताला आतून वर ढकलतो. त्याच वेळी बाहेरून छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढत असतो. छप्पर उडालं की भिंतींना वरून आधार राहत नाही. म्हणून गॅरेजचं दार, खिडक्या आणि छप्पर-भिंतीचा सांधा या तीन जागा बघायच्या.

हा सांधा माळ्यावर चढून स्वतः बघता येतो. टॉर्च घ्या, छपराची तुळई जिथे भिंतीवर टेकते तिथे सरकत जा, इन्सुलेशन बाजूला करा. फक्त तिरके ठोकलेले खिळे दिसले तर ते सगळ्यांत कमकुवत. पत्र्याची क्लिप असेल तर बरं. पत्र्याचा पट्टा तुळईवरून वळून पलीकडेही खिळलेला असेल तर उत्तम. पट्ट्याला किती खिळे आहेत तेही मोजा. विंड मिटिगेशन (घर वाऱ्यात किती टिकेल याच्या) तपासणीत इन्स्पेक्टर याचाच फोटो काढतो आणि त्यावर विम्यात सूट मिळते. कायद्याने ती सूट कंपनीला द्यावीच लागते. चारही बाजूंनी उतरतं हिप छप्पर त्रिकोणी गेबलपेक्षा वाऱ्यात चांगलं टिकतं, त्याचीही सूट आहे.

१९७२च्या घरात आणखी दोन गोष्टी तपासा: बीडाचे ड्रेन पाइप आणि ॲल्युमिनियमचं वायरिंग. दोन्ही त्या काळात सर्रास वापरत. जुन्या घरासाठी विमा कंपनी छप्पर, वीज, प्लंबिंग, एसी यांची फोर-पॉइंट तपासणी मागते आणि तिथेच अनेक सौदे अडकतात.

काँडोबद्दल. मायामीजवळच्या सर्फसाइडची इमारत सगळ्यांना आठवत असेल. २४ जून २०२१च्या पहाटे कोसळली, ९८ माणसं गेली. बांधकाम १९८१चं, म्हणजे तुमच्या इमारतीच्या पिढीचंच. २०१८मध्ये इंजिनिअरने पूल डेकच्या खालच्या स्लॅबचं नुकसान आणि फसलेलं वॉटरप्रूफिंग लेखी कळवलं होतं. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची असेसमेंट (सगळ्या मालकांवर वाटून लावलेली जादा वर्गणी) मंजूर झाली होती, पैसे १ जुलैपासून भरायचे होते. समुद्राजवळच्या काँक्रीटमध्ये क्षार शिरतात, आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. बाल्कनीच्या खालच्या बाजूला तपकिरी ओघळ किंवा पोपडे दिसले तर ते रंगाचं काम समजू नका.

त्यानंतर २०२२ साली कायदा झाला. तीन किंवा जास्त मजल्यांच्या काँडो इमारतीला तिसाव्या वर्षी माइलस्टोन तपासणी, म्हणजे बांधकामाची तपासणी, सक्तीची, पुढे दर दहा वर्षांनी. १९८४च्या इमारतीची पहिली तपासणी २०२४च्या अखेरपर्यंत व्हायला हवी होती. अहवाल मागा. पहिल्या टप्प्यात इंजिनिअर डोळ्यांनी बघतो. गंभीर झीज दिसली तर दुसरा टप्पा, त्यात तोडफोड करून बघतात. दुसरा टप्पा लागला होता का, लागला असेल तर काम पूर्ण झालं का, हे कागदावर हवं.

केळफूल

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. सागरगोटा, त्या आजींचं वाचून पोटात गोळा आला. शोअर एकर्सचं घर जवळजवळ बाद. सासूबाईंना आंब्याच्या झाडाचं वाईट वाटलं, पण परमिटबद्दल विक्रेत्याच्या एजंटने सरळ उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, "राहू दे."

आता विम्याचं कोणी समजावून सांगेल का? दोन्हीकडचे कोट आलेत, पण दोन वेगळ्याच भाषांत लिहिल्यासारखे वाटतात.

हिशेबनीस

इन्शुरन्समध्ये काम करतो, म्हणून थोडं तपशिलात.

घराच्या पॉलिसीत सगळं बांधकाम तुमचं: छप्पर, भिंती, कुंपण. काँडोत इमारतीची मास्टर पॉलिसी असोसिएशनची असते आणि तुमची वेगळी, तिला एचओ-६ म्हणतात. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे भिंतीचा ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) असोसिएशनच्या विम्यात येतो. पण फ्लॅटमधली फरशी, रंग, किचनची कपाटं, ओटा, उपकरणं, वॉटर हीटर, दिवे, पडदे हे तुमचं. म्हणून एचओ-६ स्वस्त वाटते.

पण ज्या ओळीकडे कोणी बघत नाही ती हरिकेन डिडक्टिबलची, म्हणजे विमा कंपनीच्या आधी तुम्ही भरायच्या रकमेची. नेहमीची डिडक्टिबल हजार-दोन हजार असते. हरिकेनची मात्र टक्क्यांत असते, बहुधा २, ५ किंवा १०. टक्के नुकसानाचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे. विमा ४ लाखांचा असेल तर २ टक्के म्हणजे ८,००० आणि ५ टक्के म्हणजे २०,००० आधी तुमच्या खिशातून. कोट स्वस्त दिसला की ही टक्केवारी बघा.

काँडोत हेच गणित इमारतीच्या पातळीवर होतं. समजा इमारतीचा विमा ३ कोटींचा आणि मास्टर डिडक्टिबल ५ टक्के. वादळात छप्पर गेलं तर पहिले १५ लाख डॉलर असोसिएशनने भरायचे. रिझर्व्हमध्ये (राखीव निधीत) नसतील तर ते सगळ्यांवर वाटले जातात. शंभर फ्लॅट असतील तर प्रत्येकी १५,०००. तुमच्या फ्लॅटची काच फुटलेली नसली तरी. एचओ-६मध्ये लॉस असेसमेंट नावाचं कव्हर असतं, कायद्याने किमान २,००० डॉलरचं. ते वाढवून घ्या. मात्र मास्टर डिडक्टिबलमुळे आलेल्या असेसमेंटला त्यातलं किती लागू होतं ते एजंटकडून लेखी घ्या.

पुराचं पाणी यांपैकी कशातच नाही. ना घराच्या पॉलिसीत, ना एचओ-६मध्ये. त्यासाठी वेगळा फ्लड इन्शुरन्स, सरकारी कार्यक्रमाचा किंवा खाजगी. सरकारी कार्यक्रमाची मर्यादा बांधकामाला अडीच लाख आणि सामानाला एक लाख. समुद्राचं उधाण हे विम्याच्या भाषेत पूरच आहे, "वाऱ्याने आणलेलं पाणी" म्हणून ते हरिकेनच्या कव्हरमध्ये येत नाही. इयननंतर माझ्याकडे रडणारी माणसं याच एका ओळीमुळे आली होती.

रातराणी

मी आमच्या काँडोच्या बोर्डावर आहे. केळफूल, काँडो घेणं म्हणजे फक्त फ्लॅट घेणं नव्हे, तुम्ही असोसिएशनचा ताळेबंदही विकत घेता.

मुंबई-पुण्याच्या सोसायटीत सिंकिंग फंड असतो ना, महिन्याला थोडं कापायचं आणि मोठ्या दुरुस्तीला वापरायचं? रिझर्व्ह म्हणजे तेच. फरक एवढाच की इथे अनेक दशकं मतदान करून रिझर्व्ह कमी किंवा शून्य ठेवता येत होता, आणि बहुतेक इमारतींनी ठेवला. फी कमी दिसायची, फ्लॅट पटकन विकले जायचे. आता तीन किंवा जास्त मजल्यांच्या इमारतींना स्ट्रक्चरल रिझर्व्ह स्टडी सक्तीचा आहे. छप्पर, मुख्य रचना, वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, प्लंबिंग, वीज, बाहेरच्या खिडक्या-दारं यांचं उरलेलं आयुष्य आणि खर्च मांडायचा आणि तेवढे पैसे जमवायचे. स्टडीची मुदत २०२४ अखेर होती, ती २०२५मध्ये वर्षभराने वाढवली. पण आता मतदान करून या कामांचा रिझर्व्ह शून्यावर आणता येत नाही. म्हणूनच इतक्या इमारतींची फी एकदम चढली आणि जुने काँडो स्वस्त झाले.

तेव्हा जुना काँडो स्वस्त मिळतोय म्हणजे पुढच्या दहा वर्षांची दुरुस्ती किमतीतून वजा झालेली असते. कधी पुरेशी, कधी नाही. हे ठरवायला रिझर्व्ह स्टडी, चालू बजेट, मास्टर पॉलिसी आणि बोर्डाच्या गेल्या दोन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स मागा. मिनिट्स मन लावून वाचा. "छपराबद्दल पुढच्या मीटिंगमध्ये चर्चा" हे वाक्य मीटिंगमागून मीटिंग दिसत असेल तर त्या बोर्डाला निर्णय घ्यायला जमत नाहीये.

शिवाय लोन. रिझर्व्ह कमी असेल, मोठी दुरुस्ती राहिली असेल, मास्टर विमा अपुरा असेल तर फॅनी मेच्या (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या) निकषांत इमारत बसत नाही आणि बँक साधं लोन देत नाही. आज रोखीने घेतलात तरी उद्या तुमच्या गिऱ्हाइकाला लोन मिळणार नाही. म्हणून लेंडरला पहिल्याच आठवड्यात इमारतीचं नाव द्या.

चांगल्या चालवलेल्या इमारतीत राहणं फार सुखाचं असतं, हेही सांगते. आमच्याकडे इम्पॅक्ट (वादळात टिकणाऱ्या काचेच्या) खिडक्या एकाच वेळी सगळ्यांनी बसवल्या, छप्पर नवीन, रिझर्व्ह भरलेला. मिल्टनच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला शिडीवर चढावं लागलं नाही.

उंबराचं_पान

रातराणी यांना दुजोरा. आम्ही दोघं निवृत्त, हिवाळ्यात इथे आणि उन्हाळा-पावसाळा नाशिकला. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला बराच काळ आम्ही इथे नसतो. स्वतंत्र घर असतं तर प्रत्येक वादळाला शटर्स लावायला कोणाला तरी विनवावं लागलं असतं. नव्या इमारतीतला काँडो आमच्यासाठी योग्यच ठरला. पण आमच्या घरी ना शाळेत जाणारी मुलगी, ना गुडघे दुखणाऱ्या आई.

नारळीपाक

मी फोर्ट मायर्सहून. इयन २८ सप्टेंबर २०२२ला केयो कोस्टाला लागलं, ताशी दीडशे मैलांचा वारा. फोर्ट मायर्स बीचवर पाणी घरांच्या पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत गेलं. आमचं घर आतल्या बाजूला, तरी गुडघाभर आलं. पाणी ओसरल्यावर जो राखाडी चिखल राहतो त्याला डिझेल, गटार आणि कुजलेल्या मासळीचा वास येतो. ड्रायवॉल ते पाणी वर शोषतो, म्हणून पाणी फूटभर असलं तरी भिंत चार फुटांपर्यंत कापावी लागते. नूतनीकरण केलेल्या घरात भिंतीवर जमिनीपासून चार फुटांवर आडवा सांधा हाताला लागतो का ते तपासत जा. आणि इन्स्पेक्टरला ओलाव्याचं मीटर लावायला सांगा. वरून नवीन दिसलं तरी कपाटामागे आणि लाकडी चौकटींत ओल धरून ठेवलेली असते.

त्याच वादळात आमच्यापासून ईशान्येला बॅबकॉक रँच नावाची नवी वसाहत होती. वाट बरीचशी तीच, पण तिथली वीज गेली नाही. जमीन समुद्रसपाटीपासून उंच, तारा जमिनीखालून, स्वतःचं सौर क्षेत्र, आणि पावसाचं पाणी जिरायला पाणथळ जागा मुद्दाम राखलेल्या. घरं साधीच होती. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, आधी वस्ती निवडा, मग घर.

टँपाकर

नारळीपाक यांनी मोलाचं लिहिलंय. फक्त "आतल्या बाजूला म्हणजे सुरक्षित" असा अर्थ कोणी काढू नये. मिल्टनच्या रात्री सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांहून जास्त पाऊस पडला. उत्तर टँपात, समुद्रापासून मैलोन्‌मैल दूर, तळी भरून घरांत पाणी गेलं. त्यांतली बरीच घरं कमी धोक्याच्या झोन एक्समध्ये होती, म्हणजे बँक फ्लड इन्शुरन्सची सक्ती करत नाही, म्हणून विमा नव्हता. झोन एक्समध्ये प्रीमियम तुलनेने कमी असतो. घ्याच.

नव्या वसाहतीतही घराच्या मागे तळं असेल तर ते कुठे रिकामं होतं ते बघा. रस्त्यापेक्षा घराचा पाया किती वर आहे, जोरात पाऊस पडला की गल्लीत पाणी कुठे साचतं. शेजाऱ्यांना विचारा, माणसं सांगतात.

केळफूल, तुमच्यासाठी मी वेस्ली चॅपेल किंवा त्या पट्ट्यातलं २००२नंतरचं एकमजली ब्लॉकचं घर बघा असं म्हणेन. बराचसा भाग कोणत्याच इव्हॅक्युएशन झोनमध्ये येत नाही. वेस्टशोअरला जायला ट्रॅफिक आहे. एचओएच्या (वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या) फीखेरीज बऱ्याच वसाहतींत सीडीडीचा (वसाहतीतले रस्ते, गटारं अशा सोयींच्या खर्चाचा) बोजा असतो, तो प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात येतो आणि जाहिरातीत दिसत नाही. पण आईंना एक पायरी चढावी लागणार नाही. मुख्य म्हणजे वादळ आलं तर पळायच्या ऐवजी घरातच थांबता येण्याची शक्यता बरीच वाढते.

घडीव_दगड

अनुमोदन. एकमजलीच घ्या, दुमजली नको. इकडे पुष्कळ घरांत खालचा मजला ब्लॉकचा आणि वरचा लाकडी चौकटीचा असतो. आणि २००२नंतरचं घर म्हणजे खिडक्या आपोआप इम्पॅक्टच्या असतात असं नाही. शटर्सचे पत्रे गॅरेजमध्ये ठेवलेले असतात. ते सगळे आहेत का, नंबर टाकलेले आहेत का, बोल्ट आहेत का हे खरेदीआधीच बघा. एक पत्रा नसला तरी एक खिडकी उघडी राहते.

जुनं घर घेणाऱ्यांसाठी: माय सेफ फ्लोरिडा होम या राज्याच्या योजनेत, निधी असेल तेव्हा, खिडक्या-छपराच्या मजबुतीसाठी १०,००० डॉलरपर्यंत मदत मिळते.

केळफूल

मंडळी, अपडेट. काँडोचे कागद मागवले. माइलस्टोनचा पहिला टप्पा झालाय आणि दुसरा टप्पा सुचवलाय, पण त्याचा अहवाल अजून नाही. मिनिट्समध्ये छपराचा विषय वारंवार पुढे ढकललेला, रातराणी म्हणाल्या तस्साच. जनरेटर फक्त जिन्यातल्या दिव्यांसाठी. नवऱ्याने स्वतः वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. बे बघायला आपण रविवारी जाऊ म्हणाला.

शनिवारी वेस्ली चॅपेलला २००६चं एकमजली घर पाहिलं. हिप छप्पर, झोन एक्स. मागे तळं आहे, पण घर बरंच वर आहे. सासूबाई अंगणात फिरून आल्या आणि कढीपत्ता कुठे लावायचा ते सांगू लागल्या. ऑफर द्यायचा विचार आहे. जमिनीची उंची नक्की कशी कळेल? आणि क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) वेळी विम्याचं काय सांभाळायचं?

हिशेबनीस

उंचीसाठी एलिव्हेशन सर्टिफिकेट. विक्रेत्याकडे असेल तर मागा, नाहीतर काउंटीच्या फ्लडप्लेन विभागात चौकशी करा, तिथेही नसेल तर सर्व्हेअर करून देतो. विक्रेत्याने फ्लडचं डिस्क्लोजर लेखी द्यायचं असतं, १ ऑक्टोबर २०२४पासून कायदाच आहे. पुराचा क्लेम केला होता का आणि सरकारी मदत मिळाली होती का, ते त्यात असतं. ऑफरच्या आधी हातात घ्या.

विक्रेत्याची सरकारी फ्लड पॉलिसी असेल तर ती तुमच्या नावावर करून घेता येते, आणि त्यांना सवलतीचा दर असेल तर तो पुढे चालू राहतो. विचारायला विसरू नका. नवीन घेतलीत तर एरवी ३० दिवसांची प्रतीक्षा असते, पण लोनच्या क्लोजिंगसोबत घेतली तर त्याच दिवसापासून लागू होते.

घराची पॉलिसी मात्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वादळ गल्फमध्ये किंवा फ्लोरिडाच्या जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात आणि विमा नाही म्हणून बँक क्लोजिंग पुढे ढकलते. तुमची लीज वसंतात संपतेय म्हणजे जूनच्या आधी क्लोजिंग होईल, हे चांगलं आहे. कराराच्या पहिल्या आठवड्यातच विंड मिटिगेशन करून घ्या आणि रिपोर्ट आला की विचारपुशीत कळवा, कोटमधली हरिकेन डिडक्टिबल आपण एकत्र बघू.